घटपर्णी : हौस, हिशेब आणि विवेक

आषाढ लागला की जुन्नर तालुक्यात एकाच वेळी दोन पावसाळे नांदू लागतात. पश्चिमेकडे नाणेघाट, दुर्गवाडी, आंबे-हातवीज या डोंगरमाथ्यांवर धुके हटत नाही, खडकांतून पाणी झिरपत राहते आणि कातळावरची बोटभर माती शेवाळाने हिरवी होते. तेच ढग पूर्वेकडे सरकत आळेफाटा ओलांडून राजुरीच्या शिवारात येतात, तेव्हा पावसाचा हात आखडलेला असतो. कल्याण-नगर महामार्गावरील हे गाव कांदा, भाजीपाला आणि दूध यांच्या बळावर उभे आहे. उन्हाळ्यात येथे कोरडा वारा सुटतो आणि दुपारचा पारा ४० अंशांकडे झुकतो. पौषातल्या पहाटे मात्र शेकोटीशिवाय चालत नाही.

अशा गावातील एखाद्या घराच्या पडवीत बोर्निओ, सुमात्रा किंवा फिलिपिन्सच्या ढगांत बुडालेल्या पर्वतांवरची घटपर्णी वाढविता येईल काय? वरवर पाहता हा प्रश्न केवळ बागकामाचा आहे. हल्ली रोपवाटिकांत टांगत्या कुंड्यांमधून, पानांच्या टोकांना लहान लहान सुरया लोंबत असलेले हे झाड विक्रीस दिसते आणि पाहणारा हमखास थबकतो. परंतु घटपर्णी घरी आणणे म्हणजे मोगऱ्याचे रोप आणणे नव्हे. ते रोप कोठून आले, येथे ते कसे जगेल आणि ते काय खाईल, असे तीन प्रश्न त्याच्याबरोबर उंबरठा ओलांडून आत येतात. त्यांची उत्तरे शोधल्यावाचून केलेली हौस शेवटी झाडालाही महाग पडते आणि मनालाही.

'अशोक' नावाची वनस्पती

घटपर्णीचे शास्त्रीय नाव नेपेंथिस. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७३७ मध्ये हे नाव दिले. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात दुःखाचा विसर पाडणाऱ्या एका पेयाचा उल्लेख आहे. त्यावरून हा शब्द आला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'शोक नाही' असा होतो. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर 'अशोक'. दीर्घ प्रवासानंतर हे अद्भुत झाड दृष्टीस पडले तर वनस्पतींच्या अभ्यासकाला सारे श्रम विसरायला होतील, असा लिनियसचा भाव होता.

या कुलात आज पावणेदोनशेच्या आसपास प्रजाती ज्ञात आहेत. त्यांपैकी बहुसंख्य आग्नेय आशियात आढळतात. पश्चिमेकडे मादागास्करपर्यंत आणि जवळ श्रीलंकेतही त्यांचे नातलग आहेत. साधारणपणे १,००० मीटरच्या खाली वाढणाऱ्या त्या सखल प्रदेशातील घटपर्णी आणि त्याहून उंचावर वाढणाऱ्या त्या गिरिवासी घटपर्णी, असा ढोबळ भेद केला जातो. बोर्निओच्या किनाबालू पर्वतावरील 'नेपेंथिस राजा' ही सुमारे १,५०० ते २,६०० मीटर उंचीवर राहणारी प्रजाती गिरिवासी घटपर्णींची जणू महाराणीच. तिच्या सर्वांत मोठ्या घटात दोन लिटरांहून अधिक द्रव मावू शकतो.

भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी घटपर्णी एकच, 'नेपेंथिस खासियाना'. तिचे घर मेघालयातील गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांत आहे. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी' म्हणजे भुताची टोपली म्हणतात. महाराष्ट्राच्या रानांत घटपर्णी नाही. त्यामुळे राजुरीत ती आली तर ती पाहुणी म्हणूनच येणार, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे.

पानाचा जमाखर्च

घट म्हणजे फूल नव्हे. तो पानाचाच एक भाग आहे. पानाची मधली शीर टोकापुढे दोरीसारखी लांबते, खाली झुकते आणि तिचे टोक फुगून घट तयार होतो. वरचे झाकण सापळ्यासारखे मिटत नाही. घटात पावसाचे पाणी शिरून द्रव पातळ होऊ नये यासाठी ते असते. घटाच्या काठावर मधुरस पाझरतो. हा काठ कोरडा असताना मुंगीला त्यावर सहज चालता येते. परंतु दवाने किंवा पावसाने तो ओला झाला की त्यावर पाण्याचा अखंड थर पसरतो आणि मुंगीचे पाय निसटतात. आतली भिंत बहुधा मेणचट असते आणि तळाशी पाचक द्रव असतो. केरळमधील पालोडे येथील वनस्पती उद्यानातील संशोधकांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अतिनील प्रकाशात खासियानाच्या घटाचा काठ निळसर चमकतो आणि ही चमक मुंग्यांना ओढून आणते.

हा सारा खटाटोप कशासाठी? झाडाला भूक अन्नाची नसते. अन्न ते इतर झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशातूनच तयार करते. त्याला हवे असते नत्र आणि स्फुरद. सतत पाऊस पडणाऱ्या डोंगरउतारांवर जमिनीतील क्षार धुऊन जातात. तेथे मुळांच्या खाती शिल्लक राहत नाही, म्हणून पानांना बाहेरून उत्पन्न मिळवावे लागते.

मात्र या उत्पन्नासाठी भांडवल घालावे लागते. घट तयार करण्यात, मधुरस आणि पाचक द्रव बनविण्यात झाडाची शक्ती खर्च होते; शिवाय घट झालेला भाग प्रकाश ग्रहण करण्यात सपाट पानाइतका उपयोगी राहत नाही. १९८४ मध्ये शास्त्रज्ञांनी या व्यवहाराचा ताळेबंद मांडला आणि निष्कर्ष काढला की कीटकभक्षण फायद्याचे ठरते ते फक्त भरपूर ऊन, भरपूर पाणी आणि निकस माती या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तेथेच. यातले एक जरी कमी पडले तरी व्यवहार तोट्यात जातो. घरी आणलेल्या घटपर्णीचे जुने घट वाळतात आणि नवे येत नाहीत, ही बहुतेकांची तक्रार असते. तिचे मूळ येथे आहे. हवा कोरडी, ऊन अपुरे आणि कुंडीत शेणखत, अशी स्थिती झाली की झाड घटांवर खर्च करणे थांबविते. ते रुसत नाही. आपल्यापुरता हिशेब करते.

पहिला प्रश्न : ती कोठून आली?

दुर्मीळ वस्तूची ओढ माणसाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंत घरांना घटपर्णीचे वेड लागले होते. लंडनमधील व्हीच यांच्या प्रसिद्ध रोपवाटिकेने आपली माणसे बोर्निओपर्यंत धाडली. १८७६ मध्ये मेरियन नॉर्थ या चित्रकर्तीने सारावाकमध्ये एका प्रचंड घटपर्णीचे चित्र रंगविले. ते चित्र इंग्लंडमध्ये पाहिले गेले आणि पाठोपाठ तिच्या शोधासाठी संग्राहक रवाना झाला. ती प्रजाती आज त्या चित्रकर्तीच्या नावाने ओळखली जाते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा दुर्मीळ झाला, काचघरे थंड पडली आणि ते वेडही ओसरले. कितीतरी संग्रह नामशेष झाले. रानातून उपटून आणलेली झाडे ना रानात उरली, ना घरात.

ती गोष्ट जुनी असली तरी प्रवृत्ती जुनी झालेली नाही. पश्चिम कालिमंतानमधील केलाम नावाच्या एकाच खडकाळ डोंगरावर वाढणारी 'नेपेंथिस क्लिपियाटा' वणव्यांमुळे आणि हौशी लोकांसाठी होणाऱ्या चोरीमुळे नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. मेघालयातही झूम शेती, खाणकाम आणि विक्रीसाठी होणारी उपटाउपट यांनी खासियानाचे क्षेत्र आक्रसत गेले. दक्षिण गारो टेकड्यांतील बाघमारा येथे तिच्यासाठी खास अभयारण्य राखलेले आहे. त्याचे क्षेत्र तीन हेक्टरही भरत नाही; आपल्याकडे एखाद्या मध्यम शेतकऱ्याची जमीन असावी एवढेच.

कायद्याने या बाबतीत कोणतीही संदिग्धता ठेवलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने संरक्षित वनस्पतींचे प्रकरण आले आणि त्यातील मोजक्या सहा नोंदींमध्ये खासियाना होती. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची फेररचना झाली, तरी तिचे संरक्षण कायम आहे. तिला रानातून उपटता येत नाही, विकता येत नाही. इतकेच नव्हे तर परवान्याशिवाय तिची लागवडही करता येत नाही. वन्य प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारात खासियाना आणि राजा या दोघी पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहेत आणि उरलेले सगळे कुल दुसऱ्या परिशिष्टात. परदेशातून रोप मागवायचे तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. सामानात लपवून आणलेले रोप हे हौसेचे नव्हे, चोरीचे लक्षण होय.

मग घरी वाढवावी ती कोणती? त्यासाठी रोपवाटिकांत तयार झालेले संकर आहेत. 'व्हेंट्राटा' नावाचा संकर आपल्याकडे सहज मिळतो. त्याच्या मातृपितृकुलात फिलिपिन्सच्या डोंगरांवरील 'नेपेंथिस व्हेंट्रिकोसा' आहे. म्हणजे गिरिवासी रक्त त्यात आहे, पण स्वभाव बराच सहनशील झालेला आहे. पालोडे येथील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्येच खासियानाची रोपे ऊतिसंवर्धनाने वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. जुन्नरच्या शेतकऱ्याला ऊतिसंवर्धित केळी परकी नाहीत. तोच हा मार्ग. एका कोंबापासून बरणीत शेकडो रोपे होत असतील तर रानात कुदळ नेण्याचे कारणच उरत नाही.

रोप घेताना थोडी पारख मात्र हवी. रोपवाटिकेत वाढलेली रोपे एकसारखी, कोवळ्या खोडाची आणि कुंडीत नीट रुजलेली असतात. याउलट जून लाकडी खोड, फाटकी पाने, तुटलेली मुळे आणि त्यांना चिकटलेले रानातले शेवाळ दिसले, किंवा दुर्मीळ म्हणवली जाणारी मोठी झाडे आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्तात मिळू लागली, तर खरेदीचा हात मागे घ्यावा. विकणाऱ्याला रोपाचा उगम विचारावा. उत्तर देण्यास तो टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजावे.

येथे आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. 'रानात नष्ट होत आहे, तर निदान आमच्या घरी तरी जगेल,' असा युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. घटपर्णीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकाच वेळी फुललेले नर आणि मादी जवळ नसतील तर बी धरत नाही. कलमे केली तरी ती त्याच एका झाडाच्या प्रती असतात. त्यामुळे एका घरातले एक झाड हे प्रजातीचे रक्षण नव्हे. तो केवळ एक संग्रह असतो. ज्या रानातून ते आले, तेथे मात्र एक जोडीदार कायमचा कमी झालेला असतो.

दुसरा प्रश्न : राजुरीत ती कशी जगेल?

विषुववृत्ताजवळच्या उंच डोंगरांवर ऋतू फारसे बदलत नाहीत. बदलतात ते दिवस आणि रात्र. दुपारी २० ते २६ अंश, रात्री १० ते १५ अंश आणि बाराही महिने दमट हवा, असे तेथले मान असते. गिरिवासी घटपर्णीला थंड दिवसापेक्षाही थंड रात्र अधिक महत्त्वाची असते. दिवसा पानांनी जे कमावले त्यातला काही भाग झाड रात्री श्वसनात खर्च करते. रात्र जितकी उष्ण, तितका हा खर्च मोठा. रात्रंदिवस उष्मा राहिला तर कमाई कितीही असो, शिल्लक राहत नाही आणि झाड हळूहळू खंगत जाते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांची एक चूक हीच होती. उष्ण देशातले झाड म्हणजे त्याला उष्णताच हवी, असे समजून डोंगरमाथ्यावरच्या घटपर्णीही तापविलेल्या काचघरांत कोंडल्या गेल्या.

राजुरीचे हवामान या कसोटीवर मजेशीर ठरते. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीच्या या भागात कार्तिक ते माघ या काळात रात्री घटपर्णीला मानवतील अशा असतात; क्वचित तर तिला आडोशाला घ्यावे लागते इतक्या गार. पावसाळ्यात हवेतला दमटपणा पुरेसा असतो. खरी परीक्षा फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांची. तेव्हा हवा कोरडी असते आणि रात्रीही पारा पुरेसा उतरत नाही.

मात्र ज्या कोरडेपणाने पान सुकते, त्याच कोरडेपणामुळे माठातले पाणी गार होते, हे गावाकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. बाष्पीभवनाचे हे तत्त्व घटपर्णीच्या उपयोगी पडते. मातीच्या मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी आणि ती वाळू सतत ओली राखावी. पूर्वेकडचे कोवळे ऊन येईल अशी पडवीची बाजू निवडून तिला शेडनेट आणि ओले गोणपाट लावावे. लहान कूलरचा थेट झोत न देता त्याची ओलसर हवा तेथे खेळती ठेवावी. एवढ्याने उन्हाळ्याची धार बरीच बोथट होते. शेडनेट, फॉगर, आर्द्रता हे शब्द या परिसरातील शेतकऱ्यांना पॉलिहाऊसमुळे पाठ आहेत; येथे तेच काम हातभर जागेत करायचे आहे. पाऊस सुरू झाला की बाष्पीभवनाची ही युक्ती चालत नाही. पण तेव्हा तिची गरजही उरत नाही.

पाण्याची बाब अधिक कडक आहे. निकस मातीत वाढणाऱ्या या झाडाची मुळे नाजूक असतात आणि क्षार त्यांना सोसत नाहीत. कूपनलिकेचे जड पाणी काही महिन्यांतच कुंडीत पांढरा थर साचविते. त्यासाठी आगोटीनंतर छपरावरून पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्याव्यात आणि मग पन्हळीचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवावे. ते संपले तर आरओ यंत्राचे पाणी चालते. पाण्यातील क्षार मोजणारे टीडीएस मीटर हाताशी असावे. आकडा ५० च्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर गेल्यास ते पाणी टाळावे.

कुंडीत काळी माती, शेणखत, गांडूळखत यांपैकी काहीही घालू नये. जे तुळशीला अमृत ते घटपर्णीला विष. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन-तीन वेळा भिजवून, पाणी टाकून, त्यांतील मिठाचा अंश काढून घ्यावा आणि त्यांत परलाइट मिसळावे. परदेशी पुस्तकांत स्फॅग्नम शेवाळाची शिफारस असते. पण ते शेवाळही कुठल्यातरी दलदलीतून काढलेले असते. आपल्या कोकणातले सोडण बरेचसे काम भागवीत असेल, तर पहिल्या प्रश्नाचा विचार येथेही व्हावा. मिश्रण ओलसर असावे, चिखल नसावा. नवा घट उघडल्यावर तो उगाच उलटा करून रिकामा करू नये. त्यातला द्रव झाडाने स्वतः घडविलेला असतो.

रोप आणण्यापूर्वी एक साधे काम करावे. साध्या तापमापकाने आणि आर्द्रतामापकाने ठरलेल्या जागेची महिनाभर, तोही शक्य तर वैशाखात, सकाळ-संध्याकाळ नोंद वहीत उतरवावी. ही वही उत्साहापेक्षा खरी असते. ती पाहून 'व्हेंट्राटा' येथे रमेल असा निष्कर्ष निघू शकतो. 'राजा' किंवा तिच्यासारख्या अतिउंचावरच्या प्रजातींबाबत मात्र निष्कर्ष वेगळा निघेल. त्यांना बारा महिने गार रात्री हव्यात. त्यासाठी वातानुकूलित पेटी आणि अखंड वीज लागेल आणि ऐन वैशाखात चार दिवस वीज गेली तर वर्षांची मेहनत काळी पडेल. जे झाड आपल्या हवेत यंत्राच्या आधारानेच श्वास घेऊ शकते, ते आपल्याला 'जमले' असे म्हणणे कितपत खरे? पाहुण्याला बोलाविण्याआधी त्याला झोप येईल अशी खोली घरात आहे का, हे पाहणे म्हणजेच आतिथ्य.

तिसरा प्रश्न : ती काय खाईल?

जैन कुटुंबात हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जाईल आणि तो योग्यच आहे. आपल्या विचारपरंपरेत वनस्पती एकेंद्रिय, मुंगी त्रींद्रिय, माशी चतुरिंद्रिय. येथे एकेंद्रिय जीव त्रींद्रियाला खातो आहे. जीवसृष्टीची ठरीव मांडणी या झाडाने जणू उलटी केली आहे. एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनाही ही गोष्ट पचायला जड गेली होती. खासियानाला शास्त्रीय नाव देणारे जोसेफ हूकर यांनी १८७४ मध्ये घटांत अंड्याचा पांढरा भाग आणि मांसाचे कण घालून ते विरघळतात हे दाखविले. पुढच्याच वर्षी डार्विनचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि शंकेला जागा उरली नाही.

झाडाला दोष देता येत नाही. त्याला संकल्प नाही, क्रोध नाही. जी माती त्याच्या वाट्याला आली, तिच्यात जगण्याचा तो मार्ग आहे. परंतु माणसाला संकल्प असतो. श्रावकाने निदान संकल्पी हिंसा टाळावी, असे सांगितले आहे. मुलांना गंमत दाखविण्यासाठी मुंगी पकडून घटात टाकणे ही संकल्पी हिंसा होय आणि ती शास्त्राच्या दृष्टीनेही अनावश्यक आहे. उजेड आणि ओलावा नीट मिळाला तर घटपर्णी कीटकांविना जगते. वाढ थोडी मंदावते, इतकेच. नत्राची उणीव भरून काढायची असल्यास अतिशय सौम्य केलेले द्रवखत महिन्यातून एखाद्या वेळी पानांवर फवारता येते. घटाच्या तोंडात कापसाचा सैल बोळा बसविला की मुंग्या-माश्या आत जाऊ शकत नाहीत. मोठे किडे पडून घट कुजू नये म्हणून काही उत्पादक हाच उपाय करतात. जाळीच्या किंवा काचेच्या बंद पेटीत ठेवलेल्या रोपाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी सौम्य होतो.

तरीही पडवीत उघड्यावर ठेवलेल्या झाडाच्या एखाद्या घटात एखादी मुंगी जाणारच नाही, अशी खात्री कोणी देऊ शकणार नाही. बोळा काढून टाकला जाईल, नवा घट नजरेतून सुटेल. हे जाणून कोणी हे झाड घरी आणावयाचेच नाही असे ठरविले, तर तो निर्णयही पूर्ण आदरास पात्र आहे. जो आणील त्याने निदान आपल्या हाताने भरविणार नाही, हा नियम पाळावा.

निसर्गाने स्वतःच या कुलात दुसऱ्याही वाटा ठेवल्या आहेत, हे जाणून मन निवते. आग्नेय आशियातील सखल रानांत वाढणारी 'नेपेंथिस अँप्युलारिया' आपले गोलसर घट जमिनीवर मांडून ठेवते आणि वरच्या झाडांची गळलेली पाने त्यांत झेलते. तिला लागणाऱ्या नत्राचा बराच भाग या पालापाचोळ्यातून मिळतो. बोर्निओच्या डोंगरांवरील 'नेपेंथिस लोवी' झाकणाच्या आतल्या बाजूस गोड रस ठेवते. चिचुंद्रीसारखा दिसणारा लहानसा वृक्षचर प्राणी तो चाटायला घटावर बसतो आणि जाताना आपली विष्ठा घटात टाकून जातो. झाडाला नत्र मिळते, प्राण्याला गोडवा मिळतो आणि कोणाचाही जीव जात नाही. 'नेपेंथिस हेम्सलेयाना' तर लहान वटवाघळांना दिवसभर आपल्या घटात निवारा देते आणि भाडे म्हणून तेच खत घेते. एकाच कुलातली काही झाडे हिंसेवाचून आपला जमाखर्च जुळवितात, हे वनस्पतिशास्त्राचे वास्तव आहे, बोधकथा नव्हे.

न उपटता पाहणे

घटपर्णीसाठी दूरदेशीच्या रानाकडे पाहताना जुन्नरकरांना आपल्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाचा विसर पडू नये. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात कीटकभक्षी वनस्पतींची मोठी वसाहत उभी राहते. 'दवबिंदू' नावाची इवलीशी वनस्पती आपल्या पानांवरील लालसर केसांच्या टोकांवर चिकट थेंब घेऊन उभी असते. उन्हात ते थेंब खरोखरीच दवासारखे चमकतात. 'सीतेची आसवे' या हळव्या नावाची जांभळी-निळी फुले गालिच्यासारखी पसरतात; त्यांचे सापळे मात्र ओल्या मातीत दडलेले, टाचणीच्या डोक्याएवढे असतात आणि सूक्ष्म पाणजीवांना सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आत ओढून घेतात. साताऱ्याजवळील कास पठार या फुलांसाठी प्रसिद्ध झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात सामील झाले. पण ही सृष्टी कासपुरती नाही. उत्तरेकडील सड्यांवरही अशीच बोटभर मातीची संपत्ती आहे.

ही झाडे कुंडीत आणण्याचा मोह कोणाला झालाच, तर तो व्यर्थ आहे. त्यांचे आयुष्य पावसाच्या महिन्यांपुरते असते. सडा सुकला की ती बी टाकून निघून जातात. त्यांना हवा असतो तो ठरावीक कातळ, तो झिरपा, ते धुके. उपटलेला दवबिंदू घरी पोहोचेपर्यंत सुकलेला असतो. आणि उपटण्याचीही गरज नसते. छायाचित्रासाठी गालिच्यात बसलेल्या माणसाच्या बैठकीखाली शेकडो रोपे चिरडली जातात. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते, म्हणून साधुसाध्वी चार महिने एका जागी स्थिर राहतात. ही जाण ज्या समाजाच्या आचारात इतक्या शतकांपासून आहे, त्याला सड्यावर पायवाट सोडू नये हे वेगळे शिकवावे लागू नये.

घरातली घटपर्णी आणि सड्यावरचा दवबिंदू यांच्यात एक नाते जोडता येते. रोपवाटिकेतून प्रामाणिकपणे आणलेले एक साधे संकरित रोप पावसाच्या पाण्यावर जगविताना घरातील मुलांना आर्द्रता म्हणजे काय, क्षार म्हणजे काय, रात्रीचा गारवा झाडाला का हवा, हे कळू लागते. तीच मुले श्रावणात दुर्गवाडीच्या सड्यावर गेली की त्यांचे डोळे आपोआप पायाखाली वळतील आणि पाऊल जपून पडेल. घरातल्या एका कुंडीने एवढे साधले तर ती हौस सार्थकी लागली असे समजावे.

परिग्रह वस्तूंचाच असतो असे नाही; दुर्मीळतेचाही असतो. जगात थोडेच उरलेले काहीतरी आपल्याकडे आहे, या भावनेत एक मद असतो आणि त्या मदाची किंमत दूर कुठेतरी एखादा डोंगर मोजत असतो. गारो टेकड्यांतील त्या तीन हेक्टरांच्या तुकड्यात खासियानाचा एखादा वेल या पावसातही झुडपांना धरून चढत असेल; त्याच्या नव्या पानाच्या टोकाशी झाकण अजून न उघडलेला घट झुलत असेल. राजुरीच्या पडवीतल्या कुंडीने तो तेथेच राहू दिला, यातच तिची शोभा आहे.